घर आमचं, हक्क एव्हरीवनचे: भाचेबुवांना खुले पत्र

चि. भाचेबुवा यांस,



पत्र खुलं लिहितोय म्हणून राग मानू नकोस. बंद पाकिटाची सवय आमच्या घरातून तूच काढून टाकलीस. गेल्या गणपतीत तू बंगळुरूहून नाशकात आलास, मोदकांवर ताव मारलास आणि आरती ते महाप्रसाद एवढ्या वेळात आमचं ‘होम नेटवर्क लावून’ दिलंस. तेव्हापासून या घरात झाकलेलं असं फक्त विरजणाचं भांडं उरलंय. इतक्या थोड्या वेळात इतकं करून ठेवायला अंगात हुशारी लागते. ती तुझ्यात माझ्या बहिणीकडून आली असावी, कारण तुझे वडील फार सावध गृहस्थ आहेत.

त्याआधी आमचं काय वाईट चाललं होतं? हॉलमध्ये जुना डेस्कटॉप, मामीचा नवा लॅपटॉप, टीव्हीखाली सिनेमे दाखवणारी एक म्हातारी डबी, आणि या तिघांच्या मध्ये ये-जा करणारा लाल दोरीचा पेनड्राइव्ह, जो फ्रीजशेजारच्या खिळ्याला लटकलेला असायचा. तू त्याच्याकडे बोट दाखवून हसलास. ‘मामा, कोणत्या जमान्यात राहता?’ म्हणालास. भाचेबुवा, त्या पेनड्राइव्हचा एक गुण तुझ्या लक्षात आला नाही. तो कोणाच्या हातात आहे, हे घरातल्या प्रत्येकाला दिसत असे.

तू काय केलंस? डेस्कटॉपचा डी ड्राइव्ह शेअर केलास. एखादा फोल्डर नव्हे, अख्खा ड्राइव्ह. मी विचारलंही, ‘फक्त फोटो आणि सिनेमे नाही का देता येणार?’ त्यावर, ‘परत परत कोण करत बसणार?’ मग परवानग्यांच्या खिडकीत ‘एव्हरीवन’ नावाच्या सद्‌गृहस्थांना बोलावलंस आणि त्यांच्यासमोरच्या ‘फुल कंट्रोल’वर टिचकी मारलीस. विंडोज बिचारं आपण होऊन नव्या शेअरला एव्हरीवनसाठी नुसतं ‘रीड’ ठेवतं. म्हणजे बघा, पण हात लावू नका. त्याच्या वर ‘चेंज’ची पायरी आहे. तू दोन्ही पायऱ्या गाळून थेट कळसाला हात घातलास. फुल कंट्रोलमध्ये फाइल वाचणं, लिहिणं, पुसणं हे तर येतंच, वर कोणाला काय परवानगी द्यायची ते ठरवण्याची मुभाही त्यातच येते. मग ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद केलंस, कारण ‘मामीला कुठे लक्षात राहणार पासवर्ड!’ ज्या बाईला नात्यातल्या सगळ्यांचे वाढदिवस तिथीनुसार पाठ आहेत, तिला.

आणि शेवटी तुझं ते ब्रीदवाक्य: ‘चालतंय ना? मग झालं.’

चालत होतं खरं. फार छान चालत होतं. इतकं की वरच्या मजल्यावरच्या मुलाकडेही चालत होतं. त्याच्या घरचं इंटरनेट ऐन ऑनलाइन परीक्षेत बंद पडलं, म्हणून शेजारधर्म पाळून त्याला वायफायचा पासवर्ड दिला होता. परीक्षा संपल्यावर पोरगं आभार मानायला आलं आणि निरागसपणे म्हणालं, ‘आजोबा, पॅनकार्डावरच्या फोटोत तुम्ही ओळखूच येत नाही.’ त्याच्या मोबाइलमधल्या फाइल मॅनेजरने नेटवर्कवर काय काय आहे ते आपणहून शोधलं, त्यात आमचा डेस्कटॉप नावासकट दिसला, आणि आत बोट लावल्यावर डी ड्राइव्हने ‘या, बसा’ म्हटलं. स्कॅनर ज्या फोल्डरमध्ये कागद टाकतो तो तिथेच. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, गावच्या जमिनीचा सातबारा, सगळं एका रांगेत. मुलगा संस्कारी निघाला, म्हणून विनोदावर निभावलं. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय आमच्याच राउटरमध्ये होतं, ते वापरलं की पाहुणा घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत सहसा पोचत नाही, हे मला नंतर कळलं. राउटर तू लावला होतास.

यावर तू काय म्हणणार तेही मला ठाऊक आहे, कारण फोनवर तू ते म्हणालाच होतास. ‘मामा, शेअरवर एव्हरीवनला फुल द्यायचं आणि खाली एनटीएफएसमध्ये आवळायचं, ही बेस्ट प्रॅक्टिस आहे.’ मान्य. मी वाचलं त्यावर. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन दारं लागतात. शेअरची परवानगी हा वाड्याचा दिंडी दरवाजा आणि फाइल-फोल्डरची एनटीएफएस परवानगी हा आतल्या खोलीचा. दोन्हींपैकी जो जास्त अडवेल त्याचंच चालतं. म्हणून दिंडी सताड उघडी ठेवली तरी खोल्यांना नीट कुलपं असली की भागतं, आणि कुलपांचा हिशेबही एकाच जागी राहतो. मोठमोठ्या कचेऱ्यांत खरोखर असंच करतात. पण राजा, त्या सल्ल्याचं दुसरं वाक्यही असतं ना? मी ‘सिक्युरिटी’चा टॅब उघडला तर तिथेही एव्हरीवन आणि तिथेही फुल कंट्रोल! निम्मा सल्ला पाळणाऱ्याला निम्मे गुण द्यावेत, असं माझ्यातला मास्तर म्हणतो. मामी तेवढेही द्यायला तयार नाही.

आता तिच्याकडेच वळू. तिच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो आहे, २४एच२ वालं. त्याच्यावरून तुझा हा सार्वजनिक डी ड्राइव्ह उघडेना. पडद्यावर सूचना आली, तिचा मथितार्थ असा की, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न पटवता पाहुणा म्हणून आत जाता येणार नाही. मामी म्हणाली, ‘आपली संस्था कोणती?’ आमच्या घरात संस्था एकच आणि तिच्या अध्यक्षही त्याच, त्यामुळे मी गप्प बसलो. पण लॅपटॉप शहाणा होता. बिनपासवर्डाच्या गेस्ट शेअरकडे जायला या आवृत्तीने मुळातच नकार देऊन ठेवलाय, कारण पलीकडे आपलाच डेस्कटॉप आहे की त्याचं सोंग घेतलेला कोणी, हे अशा वेळी ओळखता येत नाही. एवढी सरळ सूचना मिळाल्यावर शहाण्या माणसाने पासवर्ड लावला असता. तू बंगळुरूहून रिमोटने लॅपटॉपमध्ये शिरलास, ती अडवणूकच बंद केलीस आणि लिहिलंस, ‘विंडोज उगाच त्रास देतं.’

टीव्हीखालच्या डबीची कथा याहून रसाळ आहे. तिला फायली मागण्याची एकच बोली येत होती, एसएमबी १. ही बोली आयबीएममध्ये १९८० च्या दशकात जन्मली, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी. म्हातारपणी तिचे दात पडले असते तर ठीक, पण तिला भोकं पडली. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने त्या भोकाला ठिगळ दिलं. ज्यांनी ते लावलं नाही, त्यांना दोन महिन्यांतच, १२ मे ला, वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर किड्याने गाठलं. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, तोही हीच वाट वापरत, आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर खोळंबले ते एका जुन्या फाइल शेअरिंगच्या बोलीपायी, हे त्या ड्रायव्हरांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी काय शिव्या दिल्या असत्या, ते मी इथे लिहीत नाही.

मायक्रोसॉफ्टमध्ये या एसएमबीचा कारभार बघणारे नेड पाइल २०१६ पासून जगाला कळवळून सांगत होते की, बाबांनो, एसएमबी १ वापरू नका. २०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये त्याचा सर्व्हर येईनासाच झाला. म्हणजे कंपनीने स्वतः दार भिंतीने बुजवलं. तू ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन’च्या यादीत खाली खाली जाऊन ती भिंत फोडलीस. ठिगळ लागलंय, वॉनाक्राय आता शिरणार नाही, हे मलाही कळतं. पण या बोलीत फाइल कूटबद्ध होऊन जात नाही, आणि पुढच्या पिढ्यांनी जे कडीकोयंडे बसवले तेही तिच्यात नाहीत. एवढं सगळं कशासाठी? डबीवर मला जुने मराठी सिनेमे बघता यावेत म्हणून. डबीला मागे यूएसबीची खाच होती, भाचेबुवा. लाल दोरीवाला तिथे आरामात बसत असे.

इथवर जे झालं ते एक वेळ उत्साहाच्या खात्यात टाकता येईल. पुढचं नाही.

परत गेल्यावर तुला मामा-मामीची काळजी लागून राहिली. ‘काही अडलं तर मी इथून बघेन.’ त्यासाठी तू मला इंटरनेटवाल्याकडून वर्षाचे जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यायला लावलास, राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं पोर्ट डेस्कटॉपकडे वळवलंस आणि रिमोट डेस्कटॉप चालू केलंस. खात्याचं नाव ‘ॲडमिन’, पासवर्ड आपल्या कुलदैवताचं नाव आणि पुढे १२३. कुलदैवत जागृत आहे हे खरं, पण त्याच्यावर किती भार टाकायचा?

या व्यवस्थेची गंमत अशी की तू तिकडून आत शिरलास की इकडे आमच्या हॉलमधला पडदा लॉक होतो. मी वीजबिल भरत असतो, ओटीपी येतो, तो टाकायला मान वर करतो तर समोर कुलूप! आधी वाटलं, कॉम्प्युटर गेला. मग तुझा मेसेज येई, ‘मामा, जरा अपडेट बघतोय.’ भाच्याने मामाला मामा बनवायची ही नवी तऱ्हा.

अशाच एका शनिवारी रात्री मामी स्वयंपाकघरात लॅपटॉपवर भिशीचा हिशेब भरत होती. एक्सेलची फाइल डी ड्राइव्हवरची. तू बंगळुरूत बसून ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडलंस, त्यात ‘शेअर्ड फोल्डर्स’. तिथे तीन कप्पे असतात: काय काय शेअर केलंय, कोण जोडलेलं आहे आणि कोणत्या फायली उघड्या आहेत. उत्तम सोय आहे, मला फार आवडली. तिसऱ्या कप्प्यात तुला एक उघडी फाइल दिसली आणि वापरणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं, ‘गेस्ट’. असणारच! पासवर्ड नाही, खाती नाहीत, मग नेटवर्कवरून येणारा प्रत्येकजण गेस्ट. इतकी वर्षं संसार करून मामी स्वतःच्या घरात पाहुणी ठरली. तुला वाटलं, जुनं लटकलेलं कनेक्शन असेल. उजवी टिचकी, ‘क्लोज ओपन फाइल’. खात्री आहे का, असं विचारलं गेलं असणार. तुला खात्री होती. इकडे मामीने सेव्ह दाबलं तर एक्सेल म्हणालं, फाइल सापडत नाही. ती रात्री उशिरापर्यंत चिठ्ठ्या काढून पुन्हा आकडे भरत बसली. भिशीतल्या बाकीच्या बायकांना तिने कारण काय सांगितलं, हे तुला कळलं तर तू या दिवाळीला नाशकात पाऊल टाकणार नाहीस.

ते आवरून तू ‘जरा साफसफाई’ केलीस. डी ड्राइव्हवर ‘नवीन फोल्डर (३)’ नावाचं काहीतरी पडलेलं दिसलं. नावावरून तुला ते अडगळीतलं वाटलं. आमच्या पिढीत नाव ठेवायचा कंटाळा असतो, पण म्हणून वस्तू निकामी नसते. त्यात तुझ्या आजोबांची पत्रं होती, माझ्या बापाची. मूळ कागदांना वाळवी लागायला लागली तेव्हा मी एकेक पान उलगडून स्कॅन केलं होतं. तू फोल्डर पुसलास तो मात्र साध्या वाटेने नाही. सगळ्या कॉम्प्युटरवर एकसारखं दिसावं म्हणून डेस्कटॉपवरसुद्धा त्याचाच डी ड्राइव्ह तू ‘झेड’ नावाने नेटवर्कमार्गे जोडून ठेवला होतास, आणि त्या झेडमध्ये शिरून डिलीट दाबलंस. डीमधून पुसलं असतंस तर पत्रं रिसायकल बिनमध्ये पडली असती आणि मी ती उचलून आणली असती. नेटवर्कच्या वाटेने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. तुझ्याही नाही आणि माझ्याही नाही. विंडोजने तेव्हा ‘कायमचं पुसू का?’ असंच विचारलेलं असतं. शब्द वाचायचे असतात, राजा. नुसतं ‘यस’ कुठे आहे ते शोधायचं नसतं.

मला हे कळलं ते तुझ्या मेसेजवरून. ‘डी ड्राइव्ह क्लीन केला,’ आणि पुढे वर केलेला अंगठा.

मी तत्काळ डेस्कटॉप बंद केला, डिस्क काढली आणि दुसऱ्या मशीनला लावून फायली परत मिळवणाऱ्या प्रोग्रॅमने चाळली. हार्ड डिस्क होती म्हणून बरं. बरीच पानं हाती आली. नावं आणि क्रम गेले. आता कुठलं पान कुठल्या पत्राचं हे शाईच्या रंगावरून आणि आजोबांच्या ‘कळावे’च्या जागेवरून लावत बसलोय. काही पानं गेली ती गेलीच.

त्याच वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डोकावलो. सिक्युरिटीच्या नोंदींत ४६२५ या क्रमांकाची नुसती रांग लागली होती. म्हणजे आत यायचे फसलेले प्रयत्न. नावं काय होती? ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘युजर’. जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून कोण यंत्र लावून आमच्या कुलदैवताचं नाव ओळखू पाहत होतं, देव जाणे. ३३८९ हे पोर्ट इंटरनेटवर उघडं दिसलं की अशी मंडळी फार वेळ लावत नाहीत. तू आमच्यासाठी ठेवलेल्या दाराशी जगातले सगळे भुरटे रात्रभर कड्या वाजवत होते आणि आम्ही आत ‘चालतंय ना’ म्हणत झोपलो होतो.

पत्रांचं कळल्यावर तू नेटवर्कवर बसणाऱ्या डिस्कचा उपाय सुचवलास, ‘मामा, एक एनएएस घेऊन टाकू, थेट इंटरनेटला लावू, मला तिकडून मॅनेज करता येईल.’ तुझा हा ‘मला’ फार महत्त्वाचा आहे. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या अशाच जुन्या डिस्क वापरणारे लोक सकाळी उठले तेव्हा त्यांच्या डिस्क कोणीतरी दुरून फॅक्टरी रीसेट करून टाकल्या होत्या. कंपनीने २०१५ पासूनच त्यांना अपडेट देणं थांबवलं होतं. त्या लोकांचंही तोवर चालतच होतं.

मला खरा राग कशाचा आला, सांगू? तुझी अक्कल कमी आहे म्हणून नव्हे. ती कमी नाही, हीच तर पंचाईत आहे. तुझ्या कंपनीत एखादा फोल्डर नुसता वाचायला हवा असेल तरी तुला तिकीट टाकावं लागतं, मॅनेजरची मंजुरी लागते, काम संपलं की हक्क काढून घेतात, आणि कोणी काय उघडलं याची नोंद राहते. हे तूच मला कौतुकाने सांगितलंस. तिथे तू एव्हरीवनला फुल कंट्रोल दिला असतास तर दुसऱ्या दिवशी तुझं ओळखपत्र गेटवर चाललं नसतं. म्हणजे नियम सगळे ठाऊक आहेत. ते मामाच्या घराला लावायचे नसतात एवढंच. घरात काय असतं? भिशीचे आकडे, म्हाताऱ्याची पत्रं, पॅनकार्ड. क्लायंटचा डेटा थोडाच आहे! तुला आमची सोय करायची नव्हती, भाचेबुवा. आमचे फोन येऊ नयेत, अशी सोय करायची होती. ती मात्र साधली. मामी हल्ली तुला फोन करत नाही.

असो. पुढची व्यवस्था कळवतो. एसएमबी १ गेला आणि डबी भंगारवाल्याकडे गेली. ‘एफएसएमजीएमटी डॉट एमएससी’ ही आज्ञा मी आता झोपेतही टाइप करू शकतो. त्यात जाऊन डी ड्राइव्हचा शेअर थांबवला आणि फोटो, सिनेमे व भिशी असे तीनच फोल्डर वेगवेगळे शेअर केले. घरातल्या प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड असलेलं खातं आहे, त्यामुळे उघड्या फायलींच्या यादीत आता मामी मामी म्हणूनच दिसते. लॅपटॉपची ती अडवणूक पुन्हा चालू केली आणि तो आनंदाने आत जातो. स्कॅनचा फोल्डर कोणालाच शेअर केलेला नाही. राउटरमधलं पोर्ट बंद केलं, स्टॅटिक आयपी परत केला. बाहेरून यायचंच झालं तर वायरगार्डचं व्हीपीएन आहे. त्याची किल्ली दोघांच्याच मोबाइलमध्ये आहे आणि त्यात तू नाहीस. दर रविवारी एक बाहेरची डिस्क जोडतो, बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवतो. कपाटाला नेटवर्क नाही.

तुझं खातंही केलंय, नातं कुठे जातं? फोटोंच्या फोल्डरवर तुला हक्क आहे तो ‘रीड’चा. वाढवून हवा असेल तर अर्ज मामीकडे करायचा, कारण ॲडमिनिस्ट्रेटर आता ती आहे आणि तिने तुझा अर्ज येण्याआधीच नामंजूर केला आहे.

तुझा,
मामा

ता. क.: दिवाळीला येशील तेव्हा आजोबांची जी पत्रं तुझ्या आईकडे आहेत ती बरोबर आण. स्कॅन मी करीन. तू नुसता फराळाला बस.